भुसकटाचं रेडकू

मला किळस फार लवकर येते. हे आधीच सांगून टाकते, कारण माझं काम लोकांना हात लावण्याचं आहे आणि ऐकणाऱ्याला वाटतं, ही बाई मोठी मायाळू असणार. तसं काही नाही. बारामतीत भिगवण रस्त्याला मी दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत. हे काम पुण्यात दोन वर्षं शिकले. अंगावर अगदी हलका हात ठेवायचा, दाबायचं नाही, चोळायचं नाही, शरीर आपणहून सैल पडेपर्यंत वाट पाहायची. धसका घेतलेली, अपघातातून उठलेली, झोप उडालेली माणसं येतात. त्यांच्या मानेवर घाम आणि पावडर मिळून वळ्या झालेल्या असतात. कुणाच्या केसांना शिळ्या तेलाचा वास येतो, कुणाच्या पायमोज्यांचा. मी श्वास रोखते आणि हात ठेवते. हात माझं ऐकतात, नाक ऐकत नाही.

जनावरांचं काम आपोआप गळ्यात पडलं. फटाक्यांना घाबरून पलंगाखाली जाऊन बसलेला एक कुत्रा मी तीन दिवसांत बाहेर काढला. त्याच्या मालकिणीने व्हिडिओ टाकला आणि तो बघून अजित माझ्याकडे आला.

अजित कळसचा. पस्तिशीचा, अंगाने भरलेला, बोलायला गोड माणूस. घरचा अठरा म्हशींचा गोठा. आजोबांच्या वेळी मेंढरं होती, आता मेंढरं गेली आणि म्हशी आल्या. खुर्ची पुढे केली तरी तो बसला नाही. उभ्यानेच म्हणाला, "मॅडम, आमची एक म्हस हाय. चांदी नाव. तिसऱ्या वेताची. रेडकू मेलं, आन् आता कासंला हात लावू देत न्हाय. लाथा झाडती. कुत्र्याला केलं तसं हिला करा की."

मी म्हटलं, "म्हशीचं मला काही कळत नाही. डॉक्टर बोलवा."

"डॉक्टर झालं. अंगात काय रोग न्हाय म्हनत्यात. पान्ह्याचं इंजेक्शन टोचायचो आमी, पर आता डेअरीवाले लई चौकशा करत्यात." मग तो खुर्चीवर टेकला. "आन् म्हशीचं एवढं न्हाय ओ. आक्काचं हाय."

आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. नवऱ्याने टाकलेली, बारा वर्षं माहेरी. अठराच्या अठरा म्हशींची धार तिच्या हातावर. जनावर कसंही असो, आक्काचा हात लागला की पान्हा सोडायचं. आता ही एक चांदी तिला जवळ येऊ देईना आणि घरात कुरबूर सुरू झाली होती.

"आमची मंडळी म्हनती, धारंचं मशीन घ्या. घिऊ, काय हारकत न्हाय. पर मशीन आलं तर आक्काला हितं काम काय? मंडळीचं म्हननं, नरसिंहपूरला लांबची मावशी हाय तिच्याकडं धाडा. मला काय ते बरं वाटत न्हाय."

सख्ख्या बहिणीला घरात ठेवायला काहीतरी काम लागतं, हे तो इतक्या सहज बोलला की मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याचं तोंड मात्र खरोखर काळजीत होतं. त्याच तोंडासाठी मी हो म्हटलं, आणि नंतर बरेच दिवस मी स्वतःला मोठी दयाळू समजत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटीवर गेले. भाद्रपदाची दमट उष्णता, दोन्ही बाजूंना ऊस, वारा नाही. गोठा चांगला होता. सिमेंटची जमीन, वर पंखे, रांगेने म्हशी रवंथ करत उभ्या. शेवटच्या खुंट्याला चांदी. पंढरपुरी म्हैस, शिंगं पार पाठीपर्यंत गेलेली, कपाळावर पांढरा ठिपका. दावं ताणून ती जितकी मागे जाता येईल तितकी मागे सरकून उभी होती. डोळे पांढरे केले होते. आणि वास येत होता. शेणाचा नाही, शेणाचा वास सोसतो. हा गोडसर वास होता, घशात जाऊन बसणारा.

तिच्यासमोर गव्हाणीला टेकवून एक रेडकू उभं केलं होतं.

आधी मला ते जिवंतच वाटलं. मग दिसलं, पायांच्या जागी बाभळीच्या चार काठ्या, डोळ्यांच्या जागी नुसती भोकं. पोटाखालून सुतळीने शिवलेलं आणि शिवणीतून कडब्याचं भुसकट बाहेर आलेलं. कातडं नीट वाळलंच नव्हतं. पोटाकडून पाणी सुटलं होतं आणि शिवणीत अळ्या वळवळत होत्या. एक अळी माझ्या देखत खाली पडली आणि सिमेंटवर चालायला लागली.

"तिचंच हाय," अजित म्हणाला. "रेडकू मेलं की कातड्यात भुसकट भरायचं आन् म्होरं उभं करायचं. म्हस चाटती, पान्हा सोडती. बापापास्नं करतो आमी. ही बी चार दिस पान्हावली की. मग काय झालं कुनास ठावूक."

मी बाहेर जाऊन उसाच्या बांधावर ओकले. सकाळचे पोहे सगळे बाहेर आले. आणि ओकताना मला एवढंच वाटत होतं, की म्हशीला जे कळलं ते या माणसांना कळत नाही. नऊ महिने नाही, दहा महिने पोटात वागवलेलं रेडकू डोळ्यांसमोर सडतंय आणि हे म्हणतात तिला काय झालं.

कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला. पाठीवर हात वगैरे ठेवला नाही, नुसता तांब्या. चाळिशीची बाई, नऊवारीवर भावाचा जुना शर्ट घातलेला, दात मिश्रीने काळे. अंगाला आंबट दुधाचा आणि शेणाचा वास. मी तांब्या घेतला पण तोंडाला लावताना मला तिची बोटं दिसली, नखांत काळं भरलेलं, आणि मी पाणी वरून ओतून प्यायले. तिच्या ते लक्षात आलं.

"तुमचं नाव काय?" मी विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"नकोशी." मग माझा चेहरा बघून ती हसली. "चार पोरींवर झाले मी. आता बास म्हनून ठिवलं. माझ्या पाठीवर अजित झाला, तवा नाव फळलं म्हनले समदे. म्हशीच्या पोटी जलमले असते तर बापानं पेढे वाटलं असतं."

मला हसू आलं नाही. ते नाव घेऊन तिला हाक मारणं माझ्याच्याने झालं नाही, म्हणून मीही आक्काच म्हणायला लागले.

पहिलं काम मी ते भरलेलं रेडकू हलवायला लावलं. अजित तयार होईना. "मग ती पान्हावनार कशावर?" हा त्याचा एकच प्रश्न. मी म्हटलं, तुमच्या गव्हाणीत तुमच्या पोराला असं भरून ठेवलं तर तुम्ही जेवाल का? बोलून गेले आणि वाटलं, आता हा मला हाकलणार. पण तो ओशाळून हसला आणि म्हणाला, "मॅडम लई कडक हायत." आक्काने ते रेडकू दोन्ही हातांनी कवेत उचललं आणि शेताच्या कडेला पुरलं. परत आली तेव्हा तिच्या कोपराजवळ एक अळी होती. ती तिने चिमटीत धरून टाकली आणि हात शर्टाला पुसले. त्याच हातांनी तिने मला चहा आणून दिला. वर जाड साय. पिववला नाही, मी तो मोरीत ओतला.

मग माझं काम सुरू झालं. रोज सकाळी जायचं, दोन तास. पहिले दोन दिवस मी चांदीपासून लांब पालथ्या बादलीवर नुसती बसून राहिले. तिसऱ्या दिवशी तिच्या खांद्यावर हात ठेवला. कातडी थरथरली, मग थांबली. मी हात तसाच ठेवला. बऱ्याच वेळाने तिने डोळे मिचकावले, जिभेने नाकपुड्या चाटल्या आणि एवढा मोठा सुस्कारा सोडला की माझ्या हाताला तो कळला. शरीर सैल पडल्याच्या याच खुणा. माणसात जांभई येते, आवंढा गिळला जातो, खांदा खाली येतो. जनावरातही तेच. मान वाकते, जबडा हलायला लागतो. चौथ्या दिवशी चांदी मला मांड्यांपर्यंत हात नेऊ देत होती. तिच्या मांड्यांवर सुकलेल्या शेणाच्या खपल्या होत्या आणि गोचिडी. मी त्या गोचिडींवरून हात नेला. मला माझं कौतुक वाटलं.

पण आक्का बादली घेऊन दोन पावलं आत आली, की चांदी लाकडासारखी ताठ. कान मागे, शेपूट आत, लाथ तयार.

"मला का अशी करती?" आक्का विचारायची. एकदा नाही, दिवसातून दहादा. तिच्या आवाजात भीती होती. घरातून तिची भावजय प्रतीक्षा गोठ्याच्या दारात येऊन बघून जायची, आणि तिची पावलं वाजली की आक्काचे खांदे कानापर्यंत चढायचे. एकदा मला म्हणाली, "ताई, नरसिंहपूरला संगमाव यात्रंला गेले हुते मी. बरं हाय तितं. पर मला तितं कुनाचं कायबी वळखीचं न्हाय. म्हातारपनी परक्याच्या ओट्याव बसायचं का मी? ह्या एका म्हशीपायी?"

पाचव्या दिवशी मी ठरवलं की आधी हिचंच अंग सैल करायचं. जनावराला माणसाच्या हातातला ताण कळतो, हे आम्हाला शिकवलेलं. आक्काला कडब्याच्या गंजीजवळ पोत्यावर बसवलं.

"नगं बाई, मला घान हाय अंगाला," ती म्हणाली.

"असू दे," मी म्हटलं. खोटं म्हटलं. मागे बसून मी तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. शर्ट घामाने ओला होता, मानेवर मळाची रेघ. ती दचकली, अगदी चांदीसारखीच. बारा वर्षांत मला कुनी हात लावला न्हाय, असं काहीतरी पुटपुटली. मी थांबून राहिले. हळूहळू तिचा श्वास खाली उतरायला लागला आणि मग ती बोलायला लागली. माझ्याकडे पाठ होती, म्हणूनच बोलली असेल.

"टोनगा हुता त्यो. रेडी असती तर पाजली असती, मोठी करून धारंला येती. टोनग्याचं काय करायचं? दोन थानं दूध टोनग्याला गेलं की घरात बोलनं बसतं. पयला चीक पाजला, मग मुसकी बांधली."

मुसकी मला माहीत होती. तोंडाला बांधायची दोरीची जाळी, रेडकाने थान तोंडात घेऊ नये म्हणून.

"मीच बांधायची, मीच सोडायची. धारंच्या वक्ताला दोन घोट लावायचं, म्हस पान्हावली की वढून काढायचं. यवढं बळ लावायचं त्ये, ताई. तोंडाला फेस यायचा. चांदी बघत असायची. रातंदिस हंबरायचं. अकराव्या दिशी पडलं. मी मुसकी काढली तर तोंडात माती. मुसकीतनं कशी खाल्ली काय म्हाईत. दाताडात, जिबंखाली, समदी माती. चांदीच्या म्होरंच सोललं. हितंच."

माझे हात तिच्या खांद्यांवर होते. ते मला काढून घ्यायचे होते. हे अगदी खरं सांगते. अळ्यांपेक्षा, वासापेक्षा, तिच्या नखांपेक्षा मला त्या क्षणी तिची किळस आली. दोन घोट लावून ओढून काढणारे हे हात, अकरा दिवस. आणि ही बाई विचारते, मला का अशी करते.

पण मी हात काढले नाहीत, कारण शिकलेलं होतं की मध्ये हात काढायचा नाही. आणि तेवढ्यात आक्काला मोठी जांभई आली. मग दुसरी. खांदे उतरले, मान पुढे पडली आणि ती रडायला लागली. हमसून नाही, नळ गळावा तसं. सगळ्या खुणा बरोबर होत्या. त्यातच मला काहीतरी फार घाणेरडं वाटलं, पण काय ते तेव्हा कळलं नाही. शरीराला पाप कळत नाही. ज्याचा छळ झाला तोही याच हातांखाली सैल पडतो आणि ज्याने छळलं तोही, आणि दोघांना सारखीच झोप लागते. हे मी कुणाला बोलले नाही. असलं बोललं तर माझ्याकडे कोण येईल?

त्यानंतर तिला शिकवणं सोपं गेलं. माझ्या हाताखाली तिचा हात, मग तिच्या हातावर माझा हात, मग तिचा एकटीचा. तिला जे येत होतं ते मला दोन वर्षांत आलं नव्हतं. कुठे थांबायचं हे तिला सांगावं लागलं नाही. आठव्या दिवशी आक्का चांदीच्या पोटावर हात ठेवून उभी होती आणि चांदीने मान खाली घातली, जबडा हलवला आणि कास भरून आली. ना रेडकू, ना कातडं, ना इंजेक्शन. नुसत्या हातावर. आक्का खाली बसली आणि बादलीत धार वाजायला लागली.

अजित धावत आला. प्रतीक्षासुद्धा आली. अजितच्या डोळ्यांत पाणी होतं. "मॅडम, तुमाला मानलं," तो म्हणाला. "कातड्यापरीस हे लई बरं. वास न्हाय, अळ्या न्हाय." ते वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. मी फोन काढण्याच्या गडबडीत होते. आक्काचा म्हशीच्या पोटावरचा हात, खाली दुधाचा फेस, चांदीचे अर्धे मिटलेले डोळे. घरी जाऊन मी तो व्हिडिओ टाकला. वर लिहिलं: लेकरू गमावलेल्या आईला स्पर्शाने मिळाली शांती.

शांती! आता ते वाचलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

व्हिडिओ खूप चालला. माझ्या खोल्यांबाहेर चपला मावेनात. कारखान्याच्या कॉलनीतल्या बायका यायच्या, आधी त्या म्हशीचं विचारायच्या आणि डोळे पुसायच्या. त्यांच्या अंगाचे वासही मला कमी येऊ लागले, असं मी स्वतःला सांगत होते. आक्काचा एक फोन आला. मशीन रद्द झालं, म्हणाली. नरसिंहपूरचं नाव आता कुणी काढत नाही, म्हणाली. मी तिच्याशी फार मोठेपणाने बोलले.

दोनेक महिन्यांनी मला इंदापूरला एका घरी जायचं होतं. वाटेत वळून मी कळसला गेले. काही काम नव्हतं. आपण केलेलं चांगलं काम एकदा डोळ्यांनी बघावं, एवढाच हावरटपणा.

अजित आणि प्रतीक्षा बाजाराला गेले होते. आक्का धावतच बाहेर आली. अंगावर भावाचा शर्ट नव्हता, नवं लुगडं होतं. दातांवरची मिश्री तशीच. "या ताई, या. तुमाला रोज मनात नमस्कार करते." मला ओढतच गोठ्यात घेऊन गेली. चांदी रवंथ करत होती. आक्काला बघून तिने मान लांब केली. आक्काने तिच्या कपाळावर हात ठेवला, अगदी बरोबर, अगदी हलका.

"अजून दोन व्याल्या," ती म्हणाली. "त्या मोरीला रेडी झाली. बघा कशी गुबगुबीत हाय. आन् ह्या भुरीला टोनगा."

टोणगा भिंतीकडेला पोत्यावर पडला होता. पाच-सहा दिवसांचा. फासळ्या मोजता येत होत्या. डोळ्यांच्या कडांना चिकट पिवळं आणि त्यावर माश्या. तोंडाला मुसकी, मानेमागे तिची गाठ.

"आक्का," मी म्हटलं, "हे परत?"

"आवाज ऐकू आला का तुमाला?" तिने विचारलं. तिच्या तोंडावर मला दाखवण्याचा आनंद होता. "चांदीचं कसं हंबरायचं! काळीज फाटायचं, ताई. ह्ये हंबरत न्हाय." ती खाली बसली. टोणग्याच्या पाठीवर तिने तळहात ठेवला, मग दुसरा मानेवर. दाबला नाही, चोळला नाही. वाट पाहिली. "तुमच्यावानी हात ठिवला की गप पडतं. भूक इसरतं."

"दोन घोट तरी लावता ना?"

"कशाला? त्ये पान्ह्यासाठी लावावं लागायचं. आता हातालाच पान्हा सुटतुया की. भुरी बी सोडती, मोरी बी सोडती. टोनग्याची गरजच ऱ्हायली न्हाय."

मला एकदम सगळं समजलं. आधी निदान धारेपुरतं रेडकू जगावं लागत होतं, आणि मेलं तर त्याचं कातडं तरी लागत होतं. मी येऊन तेवढीही गरज संपवली. आणि भूक लागलेलं पोर ओरडत होतं, ते ओरडणंही मी काढून घेतलं. गोठ्यात वास नव्हता, अळ्या नव्हत्या, हंबरणं नव्हतं. इतका स्वच्छ गोठा बघून मला जी मळमळ आली ती त्या पहिल्या दिवशीच्या बांधावरही आली नव्हती.

"मरेल ते, आक्का."

"मरंलच की," ती शांतपणे म्हणाली. तिचा हात पाठीवरून हलला नाही. "पर धसका घिऊन न्हाय मरनार."

मी गुडघ्यांवर बसले आणि टोणग्याच्या छातीला हात लावला. श्वास संथ होता. माझ्या हाताखाली त्याने आवंढा गिळला, एक मोठा सुस्कारा सोडला आणि जबडा मुसकीच्या आत दोनदा हलवला. सगळ्या खुणा जशाच्या तशा. परीक्षेत असं शरीर हाताखाली आलं असतं तर मला पूर्ण गुण मिळाले असते.

मी मुसकीच्या गाठीला हात घातला. दोरी लाळेने चिकट झाली होती. मी ठरवलं होतं, गाठ सोडायची, त्याला उचलायचं आणि भुरीच्या कासेला लावायचं, मग घरात काय व्हायचं ते होवो. नखं गाठीत गेली होती.

आक्काने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"नका सोडू, ताई," ती म्हणाली. "सवय लागंल. मग हंबरंल, दूध कमी भरंल, आन् समदं माझ्याव यील. माझं हितलं ऱ्हानं उठंल."

तिने ओढलं नाही. धरलंही नाही. तळहात नुसता ठेवला होता, उबदार, खरबरीत, शेणाचा वास येणारा. दुसरा हात तिने माझ्या पाठीवर, बरोबर दोन खवाट्यांच्या मध्ये ठेवला. आणि वाट पाहिली. मी हात झटकून टाकायला हवा होता. मला तिची किळस यायला हवी होती. मी त्या किळसेचीच वाट बघत होते, नेहमी कशी लगेच येते. ती आली नाही. त्याऐवजी माझा खांदा खाली आला. श्वास पोटापर्यंत गेला. मग मला जांभई आली, चांगली तोंड भरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"बगा," आक्का हळू आवाजात म्हणाली, "बरं वाटतंय न्हवं?"

बरं वाटत होतं. मी गाठीतून नखं काढली, हात साबणाने दोनदा धुतले आणि इंदापूरला वेळेवर पोचले.